नारळी पौर्णिमेला समुद्र जागेवर नव्हता

श्रावणात माझ्या आईचे पाय कधी कोरडे नसायचे. भंडारा जिल्ह्यातलं आमचं गाव धानाचं. बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, दुसऱ्यांच्या, रोवणी आमची. दिवसभर कमरेत वाकून, मागं मागं सरकत ती पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावायची. संध्याकाळी घरी आली की बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटलेल्या असायच्या. मी एरंडेल तेलात हळद कालवून त्या चिखल्या भरायची आणि भरता भरता पाढे म्हणायची. रोवणी संपली की आई बिड्या वळायची. बाबा राईस मिलमध्ये पोती उचलायचे. घरात पुस्तक एकच, माझं, दरवर्षी बदलणारं.

पाचवीच्या भूगोलात महाराष्ट्राचा नकाशा होता. बिड्या वळणाऱ्या आईसमोर तो धरून मी सांगितलं, आपण या टोकाला आणि समुद्र पार त्या टोकाला.

"मंग तो कोनाले दिसते?"

"मुंबईवाल्यांना."

"मोठी झाली का मले दाखवजो," आई म्हणाली आणि पुढची बिडी उचलली. मी हो म्हणाले.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नागपूरला इंजिनिअरिंग, मग पुण्यात सहा वर्षं नोकरी, मग जर्मनीतलं इंगोलश्टाट. गाड्यांच्या गिअरबॉक्सचे भाग मोजणं हे माझं काम. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी चूक मला चालत नाही. हे मी अभिमानानं सांगते. पुण्यात होते तेव्हा समुद्र चार तासांवर होता, हेही सांगायला हवं. तेव्हा सुट्टी नव्हती, मग खोली लहान होती, मग आईचा गुडघा दुखत होता. कारणं पुष्कळ होती. खरं कारण एवढंच की मला आठवण नव्हती.

आठवण झाली ती दोन हजार पंधराच्या उन्हाळ्यात, आईबाबा तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आले तेव्हा. आईचा गुडघा बघता ही तिची इकडची पहिली आणि शेवटची फेरी, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

आल्यावर दुसऱ्याच रविवारी आईनं खलबत्त्यात जवसाची चटणी कुटायला घेतली. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई वर आल्या. भांडल्या नाहीत, उलट हसूनच म्हणाल्या की रविवारी रूएत्साइट असते, म्हणजे शांतता पाळायची वेळ. झालं. त्या दिवसापासून आई माझ्या घरात पाहुणी झाली. "वैशू, नळ सोडू का?" "खिडकी उघडू का?" "हे कपडे कोठी टाकू, बाई, तूच सांग." जी बाई वीस रोवणेकरणींच्या पुढं राहून बांधी आवरायची, ती माझ्या तिसऱ्या मजल्यावर सोफ्याच्या काठावर बसून राहायची. मी तिला म्युनिक दाखवलं, आल्प्स दाखवले, डोंगरावरचा राजवाडा दाखवला. प्रत्येक ठिकाणी ती पाच मिनिटं उभी राहायची आणि म्हणायची, "पायलं. छान हाय. चाल आता."

ते वाक्य मला टोचायला लागलं होतं.

आमच्या गल्लीतल्या ट्रॅव्हल एजन्सीच्या काचेवर कॅरिबियनच्या क्रूझचं चित्र होतं. पांढरी वाळू, निळंशार पाणी, वाकलेली माडाची झाडं. तेवढी सुट्टी मला नव्हती आणि आईबाबांना पुन्हा व्हिसाच्या रांगेत उभं करायचं नव्हतं. म्हणून मी त्याच काउंटरवरून हॅम्बर्गहून निघणारी चार रात्रींची छोटी क्रूझ घेतली. एल्बे नदीतून उत्तर समुद्रात जायचं आणि परत. त्यात एका सकाळी किनाऱ्याची सहल होती, तीन तास. बाकी सगळे थांबे शहरांचे, काँक्रीटच्या धक्क्यांचे. म्हणजे पाण्याला हात लागणार तो त्या तीन तासांतच.

आणि तिथं आईनं जर्मनीत आल्यापासून पहिल्यांदा काही मागितलं. "पुनवेले जमन का? नारळी पुनव. टीव्हीत कोळी लोकं नारळ देतात नं त्या दिवशी. पयल्यांदा जाऊन रायली तं रिकाम्या हातानं कायले जाऊ?"

मी कॅलेंडर काढलं, जहाजाचं वेळापत्रक शेजारी ठेवलं आणि जुळवलं. सहल बरोबर पौर्णिमेच्या सकाळी येत होती. मी स्वतःवर खूश झाले. म्युनिकच्या भारतीय दुकानातून नारळ आणला.

जहाजावर

जहाज म्हणजे दहा मजली लॉज, हे बाबांचं मत. त्यांनी संध्याकाळभर सगळे जिने चढून पाहिले आणि वरच्या डेकवरून धापा टाकत आले. "वैशू, वर पोहाचं टाकं हाय. पान्यावर जहाज, जहाजावर पानी. इतकं डोकं कायले लावते मानूस?"

जेवणाच्या दालनात चाळीस प्रकारचे पदार्थ मांडलेले होते. बाबांनी एक चांदीसारखा चकाकणारा मासा कांद्यासकट ताटात घेतला. आमचा जिल्हा तळ्यांचा, माशाला आम्ही घाबरत नाही. पहिला घास घेतल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

"हा शिजवाचा रायला वाटते."

"बाबा, तो मिठात मुरवलेला असतो. असाच खातात."

"असाच? मंग इतके मोठाले आचारी कायले ठेवले?" पण ताटात टाकणं त्यांना माहीत नाही. त्यांनी तो पावासोबत संपवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतला. आईनं साधा भात घेतला आणि पिशवीतून जवसाची चटणी काढली. चटणीची पुडी उघडण्याआधी तिनं माझ्याकडे पाहिलं. "इथं चालते नं?"

अंधारातच आम्ही नदीतून बाहेर पडलो. समुद्र लागला तेव्हा आई झोपली होती.

पौर्णिमेची सकाळ

सकाळी साडेसहाला धक्क्यावरून बस निघाली. आईनं हिरवं लुगडं नेसलं होतं, वर माझा जाड स्वेटर, पायात लोकरी मोजे. मांडीवर नारळ. अर्ध्या तासानं बस एका गवताळ बांधापाशी थांबली. जर्मनीच्या या भागात समुद्र आणि गाव यांच्यामध्ये असा लांबच लांब मातीचा बांध घातलेला असतो, दोन माणसं उंच, त्यावर मेंढ्या चरतात. बाबा खूश झाले. "हे तं आपल्या तळ्याची पाळ!"

पायऱ्यांवर मी आईचा हात धरला. तिनं डोळे मिटून घेतले होते. वर पोचल्यावर मी म्हणाले, "आई, आता बघ."

आईनं डोळे उघडले. मीही पाहिलं.

समुद्र नव्हता.

खाली डोक्यावर छत असलेल्या वेताच्या खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या, आत दोन माणसं बसतील अशा. त्यांच्यापुढं पाणी असायला हवं तिथं करडा, ओला, चकाकणारा चिखल. पार आभाळाला टेकेपर्यंत चिखल. त्यावर पांढरे पक्षी चालत होते. उडत नव्हते, पोहत नव्हते, चालत होते.

मी तिकीट खिडकीकडे जवळजवळ धावत गेले. इकडे किनाऱ्यावर बसायलाही तिकीट लागतं. खिडकीतल्या बाईंना विचारलं, समुद्र कुठे आहे?

"गेलाय," त्या म्हणाल्या, जणू शेजारी दुकानात गेला असावा.

"परत कधी येणार?"

"दुपारी. एकनंतर बघा." आणि त्यांनी काचेवर चिकटवलेला तक्ता दाखवला. भरती आणि ओहोटीच्या वेळा, मिनिटांसकट. वर्षभराच्या. आमची बस दहाला परत निघणार होती.

मागं उभ्या असलेल्या आमच्याच जहाजावरच्या एका काकांनी समजावलं की आज पौर्णिमा, आज तर पाणी सगळ्यात लांब जातं. हे इथल्या लहान पोरांनाही ठाऊक असतं. मुंबईच्या, रत्नागिरीच्या कुठल्याही माणसाला ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं. मी मुहूर्त पाहिला, वेळापत्रक पाहिलं, नारळ आणला. समुद्र आपल्या जागेवर असेल की नाही हे तपासायचं असतं, ते माझ्या डोक्यातच आलं नाही. तळं कुठं जातं? समुद्रही तसाच असेल, असं मी धरून चालले होते.

परत येऊन आईबाबांना सांगितलं. बाबांना हसू आवरेना. "इंजिनेरबाई! साऱ्या दुनियेचं माप घेते आन् समुद्राचं घ्याचं रायलं? पाव्हने आले आन् घरधनी गावाले!"

"आवो, हसू नका जी तिले," आई म्हणाली. ती वेताच्या खुर्चीत बसली, नारळ मांडीवर ठेवला, समोर दोन-चार मिनिटं बघितलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "पायलं, बाई. छान हाय. चाल आता."

मला रडू आलं. तिला कळू नये म्हणून मी बुटाची नाडी बांधत बसले.

चिखलात

त्याच वेळी बांधावरून दहा-बारा जणांचा घोळका उतरला. पुढं पिवळं जाकीट घातलेल्या, काठी घेतलेल्या, सत्तरीच्या एक बाई. ओहोटीत समुद्राच्या तळावरून चालायची इथं पद्धत आहे, आणि त्या लोकांना नेणाऱ्या वाटाड्या होत्या. नाव फ्राउ हान्सन, म्हणजे हान्सनबाई. काठावरचा दोनशे पावलांचा पट्टा सगळ्यात वाईट, पुढं वाळू लागते, असं त्या सांगत होत्या. लोक अनवाणी उतरले आणि लगेच किंचाळायला लागले. कुणाचा पाय पोटरीपर्यंत, कुणाचा गुडघ्यापर्यंत. एक धिप्पाड गृहस्थ मध्येच रुतले. ते एक पाय वर खेचायचे आणि दुसरा आणखी आत जायचा.

आई खुर्चीत पुढं सरकून बघायला लागली.

"काहून असा उपटून रायला तो? धानाचा बुंधा हाय का?"

"आई, बघू दे, त्या बाई काढतील त्याला."

"तिच्या बापाच्यानं नाही निघत तो असा." आणि आईनं मोजे काढले. मला विचारलं नाही. मोजे घड्या करून खुर्चीवर ठेवले, नारळ बाबांकडे दिला, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलं आणि बांध उतरून बांधीत जावं तशी उतरली.

"हाल्ट! हाल्ट!" फ्राउ हान्सन लांबून ओरडल्या, थांबा म्हणून. मी बूट फेकून मागं धावले आणि चौथ्या पावलाला तोंडावर आपटले. तोंड पुसून वर पाहिलं तर आई पुढं गेलेलीच. दुखऱ्या गुडघ्याची बाई. पाय सपाट टाकत नव्हती. आधी बोटं, मग टाच, आणि उचलताना टाच किंचित वळवून, तळव्याखाली हवा शिरू देऊन. पायाचा आवाजही येत नव्हता.

ती त्या गृहस्थांपाशी पोचली. त्यांच्या दंडाला धरलं, पुढं वाकायला लावलं, आपली टाच वळवून दाखवली. "असं. मुरड. मुरड नं बाप्पा! हां." पाय सुटला. दुसरा सुटला. ते तिच्याकडे बघतच राहिले आणि मग हात जोडून म्हणाले, "डांके! डांके!" आईनं मान हलवली आणि शेजारच्या बाईकडे वळली, कारण आता त्या रुतल्या होत्या.

मग माझ्याकडे आली. मी डोक्यापासून करडी झाले होते.

"हात दे."

मी दिला.

"इतकी शिकली आन् चिखलात चालाले नाही शिकली."

"तूच कधी बांधीत उतरू दिलं नाहीस," मी म्हणाले. आणि ते खरंच होतं. रोवणीच्या दिवसांत मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून अभ्यास करायचा, आत पाय टाकायचा नाही, असा तिचा हुकूम असायचा.

"मंग आता शीक," आई म्हणाली.

फ्राउ हान्सन आमच्यापाशी आल्या. मला वाटलं रागावतील. त्यांनी आईच्या पायांकडे पाहिलं आणि मला विचारलं, या कुठं शिकल्या हे?

मी सांगितलं की ती चाळीस वर्षं भाताची रोपं लावते. चिखलात. मागं चालत.

"मागं?" त्यांचा विश्वास बसेना. मी आईला सांगितलं. आई कमरेत वाकली आणि त्या चिखलात रिकाम्या हातानं चार ओळी रोवून दाखवल्या, सरसर मागं सरकत, ओळ तिरपी न होऊ देता. दहा-बारा जर्मन माणसं चिखलात उभी राहून टाळ्या वाजवत होती. आई लाजली नाही. तिनं फक्त कमरेवर हात ठेवून ओळ सरळ आली का ते बघितलं.

फ्राउ हान्सन म्हणाल्या की लहानपणी त्या वडिलांबरोबर याच चिखलातून कोळंबीच्या टोपल्या ओढायच्या, हिवाळ्यातसुद्धा. बोटांच्या मध्ये फाटायचं. त्यांची आई रात्री चरबी भरायची. मी हे आईला सांगितलं. आईनं त्यांच्या पायांकडे बोट केलं, मग आपल्या बेचक्यांकडे, आणि म्हणाली, "एरंडेल आन् हयद." मी भाषांतर करायच्या आत त्या म्हणाल्या, "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. त्यांना काय कळलं ते त्यांनाच माहीत.

मग बाबांनाही हाक मारून आम्ही त्यांच्याबरोबर निघालो. पुढं फ्राउ हान्सन आणि आई, मागं बाकीचे. पुढं चिखल सरला आणि कडक, नागमोडी वाळू लागली. तिच्यावर जागोजागी बारीक गुंडाळ्या पडल्या होत्या, हुबेहूब सोऱ्यातून काढाव्यात तशा.

"कोनं कुरडया घातल्या वाळाले?" आईनं विचारलं. वाळूतल्या किड्यांनी बाहेर टाकलेली ती वाळू असते. हे कळल्यावर बाबा म्हणाले, "बरं झालं विचारलं. मी एक उचलूनच रायलो होतो."

पाऊण तासानं पाणी दिसलं. समुद्र नव्हे, त्याचा एक फाटा. ओहोटीतही न आटणारी रुंद, वाहती धार, गुडघाभर खोल, थंडगार. फ्राउ हान्सननी काठीनं दाखवलं, हे पाणी तिकडून थेट समुद्रातून येतं. याच्या पुढं आज जाता येणार नाही. दहा मिनिटं थांबायचं आणि वळायचं, कारण पाणी फिरलं की ते समोरून नाही, मागून येतं.

आई पाण्यात उतरली. ओंजळ भरली, डोळ्यांना लावली, जिभेवर घेतली. तोंड वाकडं केलं. मग पुन्हा घेतली.

बाबांनी नारळ पुढं केला. फ्राउ हान्सननी मान हलवली. इथलं सगळं संरक्षित आहे, बाहेरची काडीसुद्धा टाकता येत नाही. मी घाबरत आईला सांगितलं. वाटलं, आता पुन्हा चेहरा पडणार.

"त्याच्या घरचा नियम हाय तं पाळाचा," आई म्हणाली. तिनं नारळ पाण्याला टेकवला, क्षणभर धरला आणि परत बाबांच्या हातात दिला. "दाखवला त्याले. पोचला." तो फोडायला तिथं दगडही नव्हता. मैलभर चिखलात एक खडा नाही. शेवटी परत आल्यावर बाबांनी बांधाच्या पायरीवर तो फोडला आणि तुकडे सगळ्यांना वाटले. रुतलेल्या गृहस्थांनी दोनदा मागून घेतला.

पण ते नंतर. परत निघताना फ्राउ हान्सननी आईला काहीतरी विचारलं आणि आपली काठी तिच्या हातात दिली. शेवटची दोनशे पावलं तुम्ही पुढं व्हा, माझा पाय आता पूर्वीसारखा सांगत नाही, असं त्या म्हणत होत्या. मी भाषांतर केलं. आईनं काठी घेतली, जरा तोलून पाहिली आणि परत केली.

"काडीची गरज नाही, म्हना तिले. तळव्यालेच समजते." मग मागं वळून तिनं सगळ्यांना हातानं ओळीत उभं केलं. मलाही. "माह्या पावलावर पाऊल टाका. मधी कोनी शहानपना नाही कराचा."

कुणाला मराठी येत नव्हतं. सगळ्यांनी ऐकलं.

बसमध्ये बसायच्या आधी ती बांधावर उभी राहिली. लांब आभाळाच्या कडेला एक निळी रेघ उमटली होती, पाणी परतत होतं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी म्हणाले, "आई, निघायचं?"

"थांब," ती म्हणाली. "मी पायून रायली."

ड्रायव्हर थांबला. मीच त्याला थांबवलं.

पुढचे तीन दिवस आईनं जहाजाच्या डेकवर काढले. दुसऱ्या सकाळी खुर्चीवर टाकलेला कुणाचा तरी टॉवेल तिनं बाजूला करून जागा घेतली आणि मला विचारलं नाही. इंगोलश्टाटला परतल्यावर सोमवारी सकाळी खलबत्त्याचा आवाज आला. वार तिनं स्वतःच पाहून घेतला होता.

सप्टेंबरात आईबाबा गावी परत गेले. समुद्रस्नान काही झालं नाही. जे झालं ते असं: एकसष्टाव्या वर्षी माझी आई उत्तर समुद्राच्या तळावरून पाण्यापर्यंत चालत गेली आणि चौदा माणसांना सुखरूप काठावर घेऊन आली. त्या चौदांत मी होते.